हँडफॅन घेताना आधी स्लो स्पीड लावून बघा

खानापूर ते बेळगाव रोज बसनं ये-जा करते, 26 किलोमीटर. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना बस मोफत झाली तशी सकाळची गाडी एवढी भरून येते की खिडकी मिळाली तर नशीब. बेळगाव 750 मीटर उंचीवर, थंड हवेचं गाव म्हणून नाव, पण एप्रिलमध्ये वळीव पडेपर्यंत स्टँडवर उभ्या गाडीत पत्रा तापून जीव नको होतो बघा.

म्हणून चार्जिंगचा हातातला फॅन घेतला. म्हणजे दोन घेतले, पहिला वाया गेला. तो ऑनलाइन मागवलेला, पाण्याचा फवारा, आकडे दाखवणारा डिस्प्ले, सगळं होतं. फवाऱ्यानं बसमध्ये ओढणी भिजली आणि पाचव्या दिवशी फवारा बंदच पडला. त्यात टाइप-सी असून माझ्या मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होईना. नंतर कळलं की स्वस्तातल्या बऱ्याच वस्तूंत चार्जरला ओळख पटवणारे दोन बारके रेझिस्टर घातलेले नसतात, त्यामुळं दोन्हीकडं टाइप-सी असलेली वायर चालत नाही, जुनी चपटी यूएसबी पिनवाली वायर लावली की लगेच चार्ज होतं. तुमचा फॅन चार्ज होत नसेल तर परत करायच्या आधी वायर बदलून बघा.

दुसरा खडेबाजारात दुकानात उभं राहून घेतला. दुकानदार "अक्का, हवा बघा कशी लागते" म्हणत फुल स्पीडच लावून दाखवत होते. मी म्हटलं, दादा, सगळ्यात स्लो लावा, आणि कानाजवळ धरला. खरखर नाही, दांडा थरथरत नाही. जाळीत करंगळी शिरत नाही आणि वेणीचं टोक जाळीपुढं धरलं तर आत ओढलं गेलं नाही, बसमध्ये शेजारणीचे केस जवळ असतात म्हणून हे बघायलाच पाहिजे. एक बटण, तीन स्पीड, 350 रुपये.

बॅटरी 2000 एमएएच, 3.7 व्होल्टची, म्हणजे साधारण 7.4 वॅट-तास. मोटर फुल स्पीडला अडीच-तीन वॅट खाते त्यामुळं तीन तासाच्या आत संपते, स्लोवर माझी सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्या आरामात होतात. बॉक्सवर दहा-दहा तास लिहितात ते सगळ्यात स्लो स्पीडचे तास धरून. फॅनचा खालचा स्टँड मात्र हलका आहे, गुळगुळीत ओट्यावर सरकतो, मी खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.

आणि एक, फॅन हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो म्हणून गार वाटतं. भर दुपारी हवाच तापलेली असली की नुसता फॅन गरम वारा मारतो, तेव्हा मानेवर ओला रुमाल ठेवून वारा घेतला की खरा फरक पडतो. त्याला जोराचा वारा लागत नाही, वीतभर अंतरावर स्लो पुरतो.

स्लो स्पीडचं खरं महत्त्व मला आईमुळं कळलं. भाकरी करताना ती वरचा पंखा बंद करते, गॅसची ज्योत हलते आणि परातीतलं पीठ उडतं म्हणून. सहा-सात भाकऱ्या होईपर्यंत पदरानं तोंड पुसत असते. एका रविवारी मी फॅन ओट्याच्या कडेला, गॅसपासून लांब, तिच्या कानशिलाकडं तोंड करून ठेवला. दुसऱ्या स्पीडला पीठ भुरभुरलं. स्लो केला तर पीठ जागेवर आणि ज्योतही सरळ. आईनं भाकरी उलटली, ज्योतीकडं बघितलं आणि म्हणाली, "हलत नाही बघ, असू दे इथंच." पहिल्या फॅनचा सगळ्यात कमी स्पीडसुद्धा एवढा जोराचा होता की तिथं चाललाच नसता.

आता तो ओट्यावरच असतो. शनिवारी जाऊन माझ्यासाठी तसलाच दुसरा आणणार आहे.