ब्लूज ज्युनियरमध्ये क्रीमबॅक स्पीकर: एक पावसाळा काढल्यानंतर

फेंडर ब्लूज ज्युनियर या माझ्या १५ वॉटच्या गिटार अँपच्या तिसऱ्या आवृत्तीतला मूळ स्पीकर काढून सेलेशन कंपनीचा क्रीमबॅक जी१२एम-६५ बसवला, त्याला आता पावसाळा धरून बरेच महिने झाले. लगेच लिहिलं नाही ते मुद्दाम. नव्या स्पीकरचा कोन आणि त्याच्या कडेची घडी सुरुवातीला ताठ असते, आवाज आखडल्यासारखा येतो. त्या दिवसांत दिलेलं मत फारसं कामाचं नसतं.

मूळ स्पीकर खराब नव्हता. टेलिकास्टर गिटारच्या ब्रिज पिकअपवर (तारांचा आवाज उचलणारा, ब्रिजजवळचा भाग) तो मला टोचायचा, एवढंच. ट्रेबल खाली आणला की टोचणी जायची, पण सोबत जीवही जायचा. क्रीमबॅकने नेमकं ते टोक बोथट केलं. आता ट्रेबल मध्यावर ठेवूनही वरच्या दोन तारा भरीव वाजतात, मानेजवळच्या नेक पिकअपवर कॉर्ड छेडली तर प्रत्येक सूर सुटा कळतो. आवाज फाटका करणाऱ्या ओव्हरड्राइव्ह पेडलमागे जी माशीसारखी गुणगुण यायची ती जवळजवळ गेली. खर्चाच्या मानाने अँपमधल्या व्हॅक्यूम नळ्या बदलून मला याच्या पावपटही फरक मिळाला नव्हता.

खोका मात्र तोच आहे. लहान, मागून अर्धा उघडा. सर्वात जाड ई तारेचा सूर मोठ्या अँपसारखा छातीत बसावा ही अपेक्षा असेल तर पैसे वाचवा.

दुकानात सगळे वॉट विचारतात. ६५ वॉट म्हणजे स्पीकर किती सोसतो, किती जोरात वाजतो ते नव्हे. जोर बघायचा तर संवेदनशीलतेचा (तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा) आकडा बघा: क्रीमबॅक ९७ डेसिबल, सेलेशनच्याच व्हिंटेज ३० स्पीकरचे १००. तीन डेसिबल म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखंच. ड्रमरशी झुंजायचं असेल तर व्हिंटेज ३० बघा. मी फ्लॅटमध्ये वाजवतो, शेजारी भले आहेत, ते तसेच राहावेत. आणखी एक, १५ वॉटचा अँप ६५ वॉटच्या स्पीकरचा आवाज फाडू शकत नाही. स्पीकर फाटल्याची ती करकर हवी असेल तर सेलेशनचाच २५ वॉटचा ग्रीनबॅक जास्त जवळचा.

बसवणं सोपं आहे. चॅसिस (अँपचे विजेचे भाग असलेला धातूचा डबा) उघडावी लागत नाही, त्यामुळे कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेशी संबंध येत नाही. प्लग काढून, नळ्या गार झाल्यावर अँप चादरीवर पालथा घातला, मागची फळी काढली, नट सोडवले. सांभाळायचं ते इथे: चुंबक पाना आणि स्क्रूड्रायव्हर चक्क हातातून ओढून घेतं, आणि स्पीकरच्या सांगाड्याच्या फटींतून कागदी कोन समोरच असतो. नवे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. एकच नट आधी करकचून आवळला तर सांगाडा पिळला जाऊ शकतो. घेण्याआधी खोली मात्र मोजा, कारण जड चुंबकवाले स्पीकर नळ्यांना आणि खाली ठेवलेल्या रिव्हर्बच्या (घुमारा देणाऱ्या) डब्याला भिडू शकतात.

स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ८ ओमच्या जागी ८ ओमच. मल्टिमीटरवर ६-७ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका, तो नुसता स्पीकरच्या आतल्या गुंडाळीच्या तारेचा रोध असतो. स्पीकरची पिन लावल्याशिवाय नळ्यांचा अँप चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा स्वस्त बारा इंची पीए (सभा-कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचा) वूफर बसेल, पण गिटारच्या स्पीकरला वरच्या मधल्या पट्ट्यात जो उठाव असतो तो त्यात नसतो. गिटार गोधडीखालून आल्यासारखी वाजेल.

मध्यंतरी पाचवी तार मोकळी छेडली की झणझण यायची. स्पीकरवर संशय होता, निघाला मागच्या फळीचा सैल स्क्रू. पावसात कागदी कोन ओल धरतो म्हणून कव्हर घातलं आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. आवाजात काही फरक पडला नाही.

मूळ स्पीकर नवीन स्पीकरच्याच खोक्यात बांधून माळ्यावर ठेवलाय. अँप विकायची वेळ आली तर तो परत बसवेन, क्रीमबॅक काही देणार नाही.