मोबाइलवरचा दोष आणि दारातला ट्रक

एखाद्या ट्रक मॉडेलमध्ये दोष आहे असं सांगणारा व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला की ट्रान्सपोर्टनगरात दोन गट पडतात. एक म्हणतो, "ही गाडी घ्यायचीच नाही." दुसरा म्हणतो, "मोबाइलवाल्यांना काय कळतंय, गाडी चालवून बघ." ज्याने बुकिंगचे पैसे काढून ठेवलेत किंवा ज्याचा त्याच मॉडेलवर हप्ता चालू आहे, त्याला यातलं एकही उत्तर कामाचं नाही. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की ही तक्रार माझ्या लोडवर, माझ्या रस्त्यावर लागू पडते का.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा तक्रारीतलं लक्षण बहुतेक वेळा खरं असतं, सांगितलेलं कारण बऱ्याचदा चुकीचं असतं, आणि 'शेकडो लोकांना त्रास' हा आकडा जवळपास नेहमीच निरुपयोगी असतो. "घाटात गाडी लोड पकडत नाही" हे ड्रायव्हरने स्वतः भोगलेलं असतं. "कंपनीचं इंजिनच फेल आहे" हा त्याने काढलेला निष्कर्ष असतो. पहिलं वाक्य जपून ठेवावं, दुसऱ्याला पुरावा मागावा.

पॉवर जाते ती तक्रार आणि ब्रेक जातो ती तक्रार

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, आले आणि अवजड गाड्यांच्या तक्रारींचा सूरच बदलला. पूर्वी नोझल, पंप, क्लच प्लेट यांवर बोलणं व्हायचं. आता युरिया, सेन्सर आणि चेकलाइट. बहुतेक बीएस-6 ट्रकमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर डीईएफ, म्हणजे ड्रायव्हरांच्या बोलण्यातला 'युरिया', फवारलं जातं. हे 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं द्रावण असतं. धुराच्या उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडला निष्प्रभ करतो. पुढे-मागे बसवलेले, हाच वायू मोजणारे नॉक्स सेन्सर हे काम नीट चाललंय का ते पाहतात. नाही चाललं तर आधी दिवा लागतो आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच पॉवर कमी करते. भरलेली गाडी कसाऱ्याला किंवा खंबाटकीला रांगायला लागते आणि व्हिडिओ तिथेच काढला जातो.

यात कंपनीचा दोष असू शकतो. सेन्सर लवकर जाणं, वायरिंग घासलं जाणं, युरिया फवारणारा डोसिंग पंप बिघडणं हे सगळं होतं. पण तेच लक्षण ढाब्यामागे घेतलेल्या स्वस्त युरियानेही येतं. पाणी मिसळलेलं किंवा खतातला युरिया विरघळवलेलं द्रावण टाकीत गेलं की इंजेक्टरवर पांढरे खडे धरतात. शिवाय गाडी कुठे चालते यावर फार अवलंबून आहे. चंद्रपूरहून सिमेंट भरून सलग सहाशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीचा सायलेन्सर चांगला तापतो. शहरात मुरूम वाहणारा हायवा टिपर अर्धा दिवस इंजिन चालू ठेवून रांगेत उभा असतो, त्याचा तापतच नाही, आणि न तापलेल्या पाइपात युरिया साचतो. एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांपैकी एकीचा मालक खूश आणि दुसरीचा शिव्या घालतो, त्यात खोटं कोणीच बोलत नसतं. म्हणून आपलं काम लाइनचं, म्हणजे लांब पल्ल्याचं, असेल आणि व्हिडिओ खाणीतल्या टिपरचा असेल, तर निम्मी काळजी तिथेच कमी करावी. उलट असेल तर वाढवावी.

ब्रेकच्या तक्रारीचं गणित वेगळं आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने उतारावर डझनावारी गाड्या चिरडल्या. लगेच पसरलेली बातमी होती 'ब्रेक फेल'. पोलिसांच्या तपासात पुढे आलं ते असं, की ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, ब्रेकची एअर भरणं बंद, इंजिनाचा अडसरही गेला. कात्रज बोगद्यापासून खाली येणाऱ्या त्या लांब उतारावर ब्रेक एकटाच सगळा भार घेतो आणि तापून हात टेकतो. 'ब्रेक फेल' म्हणून जे मोबाइलवर येतं त्यात न्यूट्रलवर सोडलेल्या गाड्या, जास्त भरलेल्या गाड्या, लायनर संपलेल्या गाड्या यांची भरती मोठी असते.

म्हणजे पॉवरची तक्रार आपल्यापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त, पण नुकसान पैशाचं आणि वेळेचं. ब्रेकच्या तक्रारीत कंपनीचा दोष निघण्याची शक्यता कमी, पण निघाला तर माणसं जातात. म्हणून मी दोन्हींना एकच माप लावत नाही. पॉवरच्या तक्रारीला आठवडाभर थांबून पुरावा गोळा करावा. ब्रेक, स्टिअरिंग, हब आणि आग या चार गोष्टींची तक्रार आपल्याच मॉडेलबद्दल आली, तर खरं-खोटं ठरवत बसू नये. पुढच्या ट्रिपच्या आधी गाडी रॅम्पवर घ्यावी. त्या तपासणीला अर्धा दिवस जातो, एवढंच.

कमान पाटा (चाकावरची स्प्रिंगची पट्टी) तुटल्याचे फोटो आले की मला आधी काटा पावती, म्हणजे वजनकाट्याची पावती, बघावीशी वाटते. 2018 मध्ये सरकारने एक्सल वजनाची मर्यादा वाढवली. सहा चाकी ट्रकचं एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टन, दहा चाकीचं 25 वरून 28.5 टन झालं. मर्यादा वाढली तशी 'अजून दोन टन चालतात' ही सवयही वर सरकली. पावती न दाखवता पाट्याला दोष देणाऱ्याचं म्हणणं मी तरी ऐकून सोडून देतो.

व्हिडिओवर विसंबावं की रिकॉलची वाट बघावी?

बरेच मालक म्हणतात, सरकारी रिकॉल निघाला, म्हणजे दोष काढायला कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तर मानू. हा विचार शिस्तीचा वाटतो, पण त्यात मोठं भोक आहे.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आलं आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी केंद्र सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. मात्र तक्रारींनी ठरावीक उंबरठा ओलांडायला हवा. अवजड ट्रकसाठी तो वर्षाच्या विक्रीच्या 3 टक्के. समजा एखादं मॉडेल वर्षाला दहा हजार विकलं जातं, तर तीनशे मालकांनी रीतसर तक्रार नोंदवायला हवी. आपल्याकडे तीनशे मालक व्हिडिओ शेअर करतील. चॅसिस नंबर टाकून सरकारी पोर्टलवर तक्रार किती करतील, ते ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय रिकॉल हा सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असेल तेव्हाचा मार्ग. क्लच लवकर जातो, ॲव्हरेज सांगितल्यापेक्षा कमी येतं, कॅबिनमध्ये पाणी गळतं, यासाठी रिकॉल कधीच निघणार नाही, आणि छोट्या मालकाचं दिवाळं याच गोष्टींनी निघतं. तेव्हा 'रिकॉल नाही' याचा अर्थ 'गाडी निर्दोष' असा लावू नये.

थोड्या तक्रारींतून मोठा दोष बाहेर येतो याचं ताजं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सच्या 6.2 लिटर व्ही-8 इंजिनाच्या पिकअप आणि एसयूव्हींवर तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने जानेवारी 2025 मध्ये चौकशी उघडली. हातात मालकांच्या तक्रारी होत्या अवघ्या 39, चौकशीखाली गाड्या होत्या 8 लाख 77 हजारांवर. एप्रिलमध्ये कंपनीने एकट्या अमेरिकेत जवळपास 6 लाख गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या उत्पादनातच दोष होता. त्या 39 तक्रारींचं वजन त्यांच्या सारखेपणात होतं. तेच इंजिन, तेच बंद पडणं, आणि बऱ्याचदा आधी काही इशारा नाही.

उलट बाजूही तिथलीच. 2009-10 मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशी ओरड झाली. बातम्या वाढल्या तशा तक्रारी वाढल्या आणि संशय इलेक्ट्रॉनिक्सवर गेला. शेवटी नासाच्या इंजिनिअरांकडून तपासणी झाली. फेब्रुवारी 2011 च्या निष्कर्षात त्या वेगामागे इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. अडकणारं पेडल आणि पेडलवर सरकणारं फ्लोअर मॅट हे दोष खरे होते, त्यासाठी लाखो गाड्या परतही बोलावल्या गेल्या. बऱ्याच प्रकरणांत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेल्याचं दिसलं. लोकांनी गाडी पळालेली अनुभवली होती. तिला पळवलं कोणी, हे मात्र त्यांना आतून दिसणं शक्य नव्हतं.

आपल्याकडच्या व्हिडिओंना हीच चाळणी लावावी. 2023-24 मध्ये देशात सुमारे 9 लाख 68 हजार व्यावसायिक वाहनं विकली गेली, त्यात पन्नास-शंभर रडारडीचे व्हिडिओ कुठल्याही मॉडेलचे निघतील. बघायचं ते हे, की वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळा माल नेणाऱ्या गाड्यांत तोच भाग साधारण तेवढ्याच किलोमीटरला जातोय का. एरर कोड पडद्यावर दिसतोय का, की नुसता संताप. आणि सर्व्हिस सेंटर हल्ली त्या भागाच्या जागी बदललेल्या नंबरचा भाग बसवतंय का. हा शेवटचा धागा सगळ्यात बोलका. कंपनी जाहीर काही बोलत नसेल, पण भागाचा नंबर गुपचूप बदलला असेल, तर तिला काहीतरी कळलेलं आहे. स्पेअरच्या काउंटरवरचा माणूस हे सहज सांगतो. त्याला चहा पाजणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त सल्ला.

कोण ठरवतोय त्यावर

नवीन घेणाऱ्याच्या हातात वेळ असते, ती वापरावी. मॉडेल नुकतंच आलं असेल तर पहिल्या लॉटच्या मागे लागू नये, आणि आपल्या लाइनवर रात्री दोन वाजता उभं राहील असं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी बघावं. साधारण दोषाची गाडी चांगल्या सर्व्हिसवर निभते. चांगली गाडी अडीचशे किलोमीटरच्या टोइंगवर निभत नाही.

जुनी घेणाऱ्याला तर या तक्रारींचा सर्वांत जास्त फायदा. कुठे बघायचं याची यादीच फुकटात मिळते. स्कॅनर लावून जुने कोड वाचावेत, युरियाची टाकी उघडून बघावी, आणि नॉक्स सेन्सरची वायर कापून 'जुगाड' केलाय का ते तपासावं. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर तिथून उठावं.

ज्याची गाडी वॉरंटीत आहे त्याने घाबरण्यापेक्षा कागद करावा. जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' लिहू देऊ नये. "भरलेल्या गाडीला घाटात पॉवर जाते, दिवा लागतो, अमुक कोड" असं लिहून घ्यावं. युरियाची बिलं ठेवावीत, नाहीतर पहिला आरोप तिथेच येतो. हे कागद पुढे कायद्यातही लागतात. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. एक ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरू शकतो आणि 50 लाखांपर्यंतच्या किमतीला जिल्हा आयोगात जाऊ शकतो. तीस गाड्यांच्या मालकाला ती वाट बहुधा बंद, पण त्याच्याकडे दुसरी ताकद असते. पुढच्या दहा गाड्यांची ऑर्डर थांबवली की कंपनीचा एरिया मॅनेजर त्याच दिवशी फोन करतो.

आणि आपल्याला खरंच दोष सापडला, तर व्हिडिओ टाकायला हरकत नाही. पण त्यात गाडी कोणत्या महिन्यात बनली, किती किलोमीटर झाले, किती टन भरले होते, कोड कोणता आणि निघालेल्या भागाचा नंबर काय, हे बोलावं. तेच सगळं परिवहन मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर नोंदवावं आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनलाही कळवावं. ते 3 टक्के पोर्टलवरच्या नोंदींतूनच मोजले जातात.