विद्यापीठाचा लोगो किट आणि नियमावली: फाईल्स झकास, परवानगीच्या नावाने बोंब

ज्यांच्याकडे विद्यापीठाचे बॅनर, सर्टिफिकेट, टीशर्ट असलं काम येतं त्यांच्यासाठी लिहितोय. विद्यापीठाचं नाव घेत नाही, पण त्यांनी लोगोची नियमावली आणि सोबत फाईल्सचा किट डाऊनलोडला ठेवलाय. भरपूर वापरून झाल्यावर माझं मत: फाईल्सना पाचपैकी पाच, नियमावलीला साडेतीन आणि परवानगीवाल्यांना दीड, तेही फोन उचलतात म्हणून.

किटमध्ये एसव्हीजी, ईपीएस, पीएनजी असे सगळे फाईलप्रकार आहेत आणि फोल्डर नीट पाडलेत, छपाईचं वेगळं, स्क्रीनचं वेगळं, एकरंगी वेगळा, गडद बॅकग्राऊंडसाठी पांढरा वेगळा. जेपीजी मुद्दामच दिला नाहीये आणि ते मला जाम आवडलं, कारण त्यात बॅकग्राऊंड पारदर्शक ठेवता येत नाही, मग कोणीतरी तो उचलून निळ्या बॅनरवर टाकतं आणि लोगोभोवती पांढरा चौकोन मिरवत अख्खा समारंभ पार पडतो.

रंगांचं पान सगळ्यात कामाचं. पॅन्टोन नंबर (ठरलेल्या रंगाचा कोड), सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं प्रमाण), स्क्रीनसाठी आरजीबी आणि हेक्स, सगळे आकडे दिलेत, वर गुळगुळीत आणि साध्या कागदासाठी पॅन्टोनचे वेगळे. हे फाजील लाड वाटत असतील तर स्क्रीनवरचा गडद निळा तसाच छापायला पाठवून बघा, मजेंटाचं (गुलाबी शाईचं) प्रमाण सायनच्या (निळ्या शाईच्या) जवळपास गेलं की निळा जांभळट येतो आणि मग प्रिंटवाला तुमच्याकडे बोट दाखवणार, तुम्ही त्याच्याकडे. ऑक्सफर्डचा निळा म्हणजे पॅन्टोन २८२, नंबर सांगितला की विषय संपला, तसं पाहिजे.

लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची तेही छान सांगितलंय, सेंटीमीटरमध्ये नाही तर लोगोतल्याच एका अक्षराच्या उंचीएवढी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड असो की स्टेजचा पडदा, हिशोब तोच. आणि मुद्रा (विद्यापीठाचा अधिकृत शिक्का) वेगळी, लोगो वेगळा हे ठणकावून लिहिलंय ते बरं केलं. मुद्रा फक्त पदवी प्रमाणपत्र आणि अधिकृत कागदांवर, बाकी सगळीकडे लोगो. पोरांना मुद्राच भारी वाटते, त्यांचं चाललं तर ती कॅपवर पण टाकतील.

आता साडेतीनच का. ताणू नका, तिरका करू नका, सावली देऊ नका, रंग बदलू नका, यावर पानंच्या पानं खर्च केलीत, पण एम्ब्रॉयडरीचं काय यावर चकार शब्द नाही. सुईदोऱ्याने पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर स्वच्छ उमटणं अवघड असतं, आणि या लोगोत नावाखाली बारीक ब्रीदवाक्य आहे, शर्टाच्या खिशावर त्याचा नुसता गुंता होतो, वाचून दाखवा म्हटलं तर कुलगुरूंनाही जमणार नाही. ब्रीदवाक्य काढून एक साधा लोगो द्यायला काय जात होतं? तीच गत सोशल मीडियाच्या गोल फोटोची, आडवा लोगो त्यात टाकला की दोन्ही बाजूंनी नाव कापलं जातं, आणि आपण चिन्ह सुटं करून वापरावं तर ते नियमात बसत नाही!

परवानगीबद्दल तर न बोललेलंच बरं, पण बोलतो. विभागाचं किंवा क्लबचं नाव लोगोशेजारी आपण टाईप करायचं नाही, त्यांच्याकडूनच जोडून घ्यायचं. नियम बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक विभाग आपापला फॉन्ट लावत बसेल. पण मेल टाकल्यावर उत्तर येतं प्रोग्रॅम उरकल्यावर. आणि एकदा डिझाईन तपासायला दिलं तर शेरा काय आला, "लोगो जरा मोठा करा, कोपऱ्यापर्यंत न्या". अहो, मोकळ्या जागेचा नियम तुमचाच ना?

अजून एक, टीशर्ट फुकट वाटायचे असतील तर साधी परवानगी पुरते पण विकायचे असतील तर लायसन्स वेगळं घ्यावं लागतं, आणि ही गोष्ट त्यांनी पार शेवटच्या पानावर एका ओळीत टाकलीये जिथे टीशर्टची ऑर्डर देऊन झाल्याशिवाय कोणी पोचतच नाही.