फियाटचा ‘न वापरलेला’ चेंबर आणि पत्र्याआडची लांबी

प्रीमियर पद्मिनीसाठी, म्हणजे आपल्या जुन्या फियाटसाठी, ऑइल पॅन (इंजिनाखालचं तेलाचं भांडं, गॅरेजच्या भाषेत चेंबर) शोधत असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. ‘कंपनीचा, न वापरलेला, जुन्या डीलरच्या गोदामातला’ असं सांगून सध्या जे चेंबर विकले जातात, त्यातला एक माझ्या गळ्यात मारला गेला. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण मिस्त्रींनी तो वेळेवर पकडला नसता तर वडिलांच्या गाडीचं अख्खं इंजिन बसलं असतं. इतरांवर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमची गाडी १९७८ची, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. चेंबरच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले होते, वर खालच्या पत्र्यालाही गंजाची भोकं पडू लागलेली. आधी साताऱ्यात विचारलं, मग पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घातला. कुठेच नाही. या टंचाईचं कारण समजून घ्या, कारण फसवणाऱ्यांचा धंदा तिच्यावरच उभा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनीचं उत्पादन २००० साली थांबलं. तरी मुंबईत टॅक्स्या धावत होत्या तोवर सुटे भाग मिळायचे, कारण रोज लागायचे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये ती काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची गेली. रोजचं गिऱ्हाईक संपलं. आता भाग शोधत येतो तो आमच्यासारखा, घरची गाडी जिवापाड जपणारा माणूस. तो फार घासाघीस करत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

भंगारात निघालेल्या टॅक्सीच्या चेंबरची अवस्था कशी असते तेही सांगतो. वर्षानुवर्षं गतिरोधकांवर आपटून तळ आत दबलेला, दगड लागून पत्रा फाटलेला, ड्रेन बोल्टपाशी वेल्डिंगचे थरावर थर. असा चेंबर वजनावर विकला तर किरकोळ पैसे येतात. तोच सजवून ‘न वापरलेला’ म्हणून विकला की हजारो.

मला विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. काळाकुळकुळीत रंग, खाली तेलकट खाकी कागद, कडेला भाग क्रमांकाची पिवळट चिठ्ठी. बोलणं अगदी अदबीचं. “दादा, एकच पीस राहिलाय. नाशिकची पार्टी उद्या येतीय, तुम्ही आधी विचारलंत म्हणून तुम्हाला देतो.” आतल्या बाजूचा फोटो मागितला तर म्हणाला, पॅकिंग फोडलं तर माल जुना दिसतो. बिल मागितलं तर, जुन्या मालाला बिल कुठलं! साडेसात हजार आगाऊ घेतले आणि पार्सल खरंच पाठवलं. त्याची चलाखी इथेच आहे. माल पाठवला की तो सरळसरळ चोर ठरत नाही, नुसतं ‘गिऱ्हाईकाचं समाधान झालं नाही’ एवढंच उरतं.

पार्सल उघडलं तेव्हा चेंबर देखणा होता. बोल्टची भोकं ब्लॉकला तंतोतंत जुळली, कड काचेवर ठेवली तर कुठेही डुगडुगत नव्हती. मिस्त्रींनी मात्र आतून बोट फिरवलं आणि थांबले. “आतून रंग कशाला मारलाय?” एवढंच म्हणाले. चेंबरच्या आत नेहमी गरम तेल खेळतं. साधा स्प्रेचा रंग तिथे टिकत नाही, पोपडे सुटतात आणि थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

मग त्यांनी लोहचुंबक आणला. कडेला तो खटकन चिकटला. तळावर मात्र तळहाताएवढ्या भागात धरेचना, सरकून खाली यायचा. म्हणजे तिथे रंगाखाली पत्रा नव्हता, लांबी होती, म्हणजे पुट्टी, गाडीचे पोचे भरायला डेंटिंगवाले वापरतात तीच. त्यानंतर चेंबर विटांवर ठेवून आत रॉकेल भरलं, बाहेरून खडूची पूड चोळली आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी पांढऱ्या खडूवर ओली करडी रेघ उमटली होती, चौकोनी, जणू कोणी पट्टी लावून आखली. मिस्त्रींनी पॉलिश पेपर मारला तसा लांबीचा थर निघाला आणि खालून सगळं उघडं पडलं. मूळ तळ कापून काढलेला, त्या जागी सपाट पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला, वेल्डिंग ग्राइंडरने इतकं घासलेलं की काही जागी जोडच उरला नव्हता.

गळतीपेक्षा वाईट गोष्ट पुढे होती. कडेवर आडवी पट्टी ठेवून दोन्ही चेंबरची खोली मोजली, तर हा आमच्या जुन्या चेंबरपेक्षा जवळजवळ बोटाच्या पेराएवढा उथळ निघाला. तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी तळापासून थोड्या अंतरावर राहायला हवी. साधारण ६ ते १० मिलिमीटर, असा इंजिन बांधणाऱ्यांचा ठोकताळा. तळ वर आला की जाळी पत्र्याला टेकते, तेल पुरेसं ओढलं जात नाही, प्रेशर पडतं आणि मेन बेअरिंग कोरडी घासू लागतात. खंबाटकीच्या चढावर हे झालं असतं तर क्रँकच (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंगला न्यावा लागला असता. आणि घासून बारीक झालेल्या क्रँकला लागणारी या इंजिनाची अंडरसाइज बेअरिंग आज मिळवणं चेंबर मिळवण्याहून अवघड आहे.

म्हणून चेंबर कोणाकडूनही घ्या, बसवण्याआधी जाळीवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापा, चेंबर पॅकिंगसह (ब्लॉक आणि चेंबरच्या मधे बसतं ते गॅस्केट) हलका आवळून परत काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. तास-दीड तासाचं काम आहे. ते टाळू नका आणि मिस्त्रीलाही टाळू देऊ नका.

विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर आधी तो म्हणाला, कुरियरवाल्याने आपटला असेल. मग म्हणाला, बदलून देतो, डिझेलचा आहे, “सगळ्या फियाटला चालतो.” हे साफ खोटं आहे. पद्मिनीच्या १३७डी या डिझेल गाडीचं इंजिन वेगळं, १,३६६ सीसीचं. प्रीमियरच्याच ११८ एनई या दुसऱ्या गाडीला तर निसानचं ए१२ इंजिन. यांतलं कुठलंच चेंबर १०८९ सीसीच्या ब्लॉकला बसत नाही. नुसतं ‘पद्मिनीचा चेंबर’ म्हणून मागणी केलीत तर डिझेलचाही येऊ शकतो, म्हणून इंजिन कुठलं ते लिहून द्या, जुन्या पॅकिंगचा फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून पाठवा आणि विक्रेत्याकडून चेंबरच्या आतला फोटो आल्याशिवाय पुढे बोलू नका. मी डिझेलचा नको म्हणालो, त्या संध्याकाळी माझा नंबर ब्लॉक झाला.

तक्रार मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यामुळे विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, आपण राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन कोणी मालच पाठवला नाही तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येऊ शकते. माझ्याकडे सगळं संभाषण, पैसे दिल्याची नोंद आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे. पार्सल उघडताना व्हिडिओ काढाच, नाहीतर कुरियरवाल्याचं नाव पुढे येतं.

गाडी सध्या जुन्याच चेंबरवर चालते. गंजलेला भाग कापून तिथे मूळ आकाराचा पत्रा ठोकून घेतला, गॅस वेल्डिंग केलं, ड्रेन बोल्टसाठी लेथवर नवी बुश करून बसवली. खर्च त्या साडेसात हजारांच्या निम्म्यानेही झाला नाही. तुमच्या चेंबरची कड सरळ असेल तर आधी हाच मार्ग बघा.

त्या विक्रेत्याचे फोटो अजून नव्या नंबरवरून फिरत आहेत. खाकी कागद, त्याखाली हिरव्या चौकटीची फरशी, आणि चेंबरच्या उजव्या कोपऱ्यातल्या भोकापाशी रंगाचा एक जाड ओघळ. असा फोटो तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, आणि माझ्यासारखीच तक्रार १९१५वर नोंदवा.