प्रौढपणी एडीएचडीची तपासणी : दादरमधील एका क्लिनिकचा अनुभव

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी एडीएचडीची, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवायला आणि स्वतःला आवरायला अडचण आणणाऱ्या विकाराची, तपासणी करून घेतली, त्याला निमित्त झाले एका वीजबिलाचे. पैसे खात्यात होते, बिल फ्रिजवर डोळ्यांसमोर लावलेले होते, आणि एका कंपनीच्या लेखा विभागात दुसऱ्यांची देणी वेळेवर चुकती करण्याचे काम मी सोळा वर्षे करीत आले आहे. तरीही वीज तोडायला माणूस दारात आला. तो गेल्यावर मी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी दादर पश्चिमेचे हे क्लिनिक सुचवले. नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

येथे मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळून तपासणी करतात. तीन बैठकींचे ९,५०० रुपये आधी भरावे लागतात. पहिल्या बैठकीत जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली गेली. कामाचा अवघड भाग झाल्यावर उरलेला शेवटचा भाग पुरा करताना तुमची किती वेळा अडचण होते, असा त्यातला पहिलाच प्रश्न आहे. त्यावर ‘फार वेळा’ अशी खूण करून मी पुढचे सर्व प्रश्न भराभर सोडवले आणि कागद परत दिला. सायकॉलॉजिस्टबाईंनी तो पाहिला आणि एक अक्षरही न बोलता पान उलटून माझ्यासमोर ठेवला. मागच्या बाजूचे सहा प्रश्न कोरे होते. आम्ही दोघी हसलो. पण ही प्रश्नावली केवळ चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. क्लिनिकमधल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून आणायला लावली, झोपेविषयी आणि मनःस्थितीविषयी बारकाईने विचारले. अपुरी झोप, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा चिंता यांमुळेही लक्ष उडू शकते, ते आधी तपासायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. तीस सेकंदांचे व्हिडिओ पाहून स्वतःचे निदान स्वतःच करून आलेल्या माझ्यासारखीला हा सावधपणा सुरुवातीला वेळकाढू वाटला, नंतर पटला.

दुसऱ्या बैठकीची तारीख मी विसरले. त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात जीएसटीचा परतावा जुळवीत बसले होते आणि क्लिनिकचा फोन आला तोवर ठरलेली वेळ टळून पाऊण तास झाला होता. नियमाप्रमाणे ८०० रुपये जादा भरावे लागले. चूक माझी होती हे मान्य. परंतु जिथे येणाऱ्या बहुतेकांची मूळ तक्रारच विसरण्याची असते, तिथे आदल्या दिवशी आठवणीचा संदेश पाठवण्याची सोय नसावी, याला काय म्हणावे? शिवाय नवी वेळ ठरवायची तर सकाळी अकरा ते एक या वेळेतच फोन करायचा, आणि तो बहुधा लागलेला असतो. प्रतीक्षागृहातली ट्यूबलाइट तिन्ही वेळा फडफडत होती. समोर कान दाबून बसलेला एक तरुण मुलगा शेवटी बाहेर जिन्यावर जाऊन उभा राहिला. त्याला आत बोलावले तेव्हा ते त्याला ऐकू गेले नाही आणि त्याचा क्रमांक पुढे ढकलला गेला.

अखेर झालेल्या दुसऱ्या बैठकीसाठी मात्र मी या क्लिनिकला मनापासून गुण देते. सोबत आईला आणि शाळेची प्रगतिपुस्तके आणायला सांगितले होते. डिवा-५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या मुलाखतीत प्रत्येक लक्षण आजचे आणि बालपणीचे असे दोनदा विचारले जाते. प्रश्न कागदावर इंग्रजीत होते. पण बाईंनी ते लालबागच्या चाळीत आयुष्य काढलेल्या माझ्या आईला समजतील असे करून विचारले. ‘सूचना पाळण्यात अडचण येत असे का’ असे न विचारता त्या म्हणाल्या, “काकू, हिला दुकानात पाठवलं की काय व्हायचं?”

आई म्हणाली, “दह्याला पाठवली की भांडं दुकानातच ठेवून परत यायची. पैसे मात्र देऊन यायची.”

“असं कितीदा झालं असेल?”

“एकदा झालं असतं तर लक्षात राहिलं असतं का माझ्या? आणि हिचं काय घेऊन बसलात, हिच्या बाबांनी एका पावसाळ्यात चार छत्र्या हरवल्या होत्या.”

बाईंनी छत्र्याही लिहून घेतल्या, कारण एडीएचडी घराण्यातून उतरत येण्याचे प्रमाण मोठे आहे. पाचवीच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकेचा शेरा निघाला : ‘उत्तरे येतात, परंतु प्रश्न पूर्ण होण्याआधी.’ दह्याचा किस्सा चौथीतला, म्हणजे मी नऊ वर्षांची असतानाचा; त्याआधीचे काही वावगे आईला आठवेना. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, अशी अट आहे. त्यापूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती. जुन्या मर्यादेत माझे प्रकरण कदाचित बसलेच नसते. प्रौढांच्या बाबतीत अनवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी पाच लक्षणे पुरतात, लहान मुलांत सहा लागतात, हेही त्यांनी समजावले. माझी अनवधानाची सात भरली.

अहवाल दहा दिवसांत मिळणार होता, तो तेवीस दिवसांनी मिळाला. आठ पाने, सगळी इंग्रजीत. मात्र तिसऱ्या बैठकीत बाईंनी वीस मिनिटे खर्चून आईला तो मराठीत सांगितला, आणि ‘हिने मनावर घेतलं असतं तर’ हे आईचे चाळीस वर्षांचे पालुपद त्या दिवशी परतीच्या टॅक्सीत तरी ऐकू आले नाही. हा अहवाल म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही स्पष्ट करण्यात आले : २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचे नाव नाही. त्यामुळे ऑफिसात सवलत मागायची तर ती साहेबांच्या समजूतदारपणावरच अवलंबून राहते. मी एवढेच मागितले की तोंडी सांगितलेले काम ई-मेलवरही यावे, ते मिळाले.

औषधाबाबत घाई झाली नाही. रक्तदाब आणि नाडी तपासून मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध कमी मात्रेत सुरू केले. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांतली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि ते विकण्याचा परवाना प्रत्येक केमिस्टकडे नसतो. म्हणजे कागद हरवणाऱ्या माणसाने दर वेळी कागद सांभाळून, मोजक्याच दुकानांपैकी एखाद्यात, गोळ्या संपण्याआधी पोचायचे. कायदा क्लिनिकने केलेला नाही. परंतु औषध ठेवणाऱ्या जवळच्या दुकानांची छापील यादी त्यांनी आपणहून हातात ठेवली, ही गोष्ट इतर ठिकाणांनी उचलण्यासारखी आहे.

तपासणीला साडेचार, व्यवस्थेला दोन तारे. जाणाऱ्यांनी प्रगतिपुस्तके शोधून ठेवावीत, आई-वडील नसतील तर मोठ्या भावंडाला न्यावे आणि प्रश्नावलीचे पान उलटून पाहावे. आठवणीच्या संदेशाची सूचना मी स्वागतकक्षात केली आणि तेथील बाईंनी ती वहीत नीट लिहूनही घेतली. पुढच्या भेटीआधी संदेश आला नाही. मी मात्र वेळेवर पोचले, कारण तारीख आईला सांगून ठेवली होती आणि तिने सकाळपासून तीन फोन केले होते.