घटनास्थळ वेगळं, घर वेगळं: रुग्णवाहिकेतल्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरचा अनुभव

मी नागपुरात खासगी रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार देणारा तंत्रज्ञ, आहे. उन्हाळ्याआधी आमच्या ताफ्यात टॅबवरचं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर आलं. व्हायटल्स (नाडी, रक्तदाब वगैरे), ईसीजीचा फोटो, नातेवाइकांची सही, हे सगळं नीट चालतं. लिहायचंय ते पत्त्याबद्दल. तो भाग सगळेच घाईत भरतात आणि नंतर काम त्यावरच अडतं.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'घटनास्थळ' आणि 'राहता पत्ता' यांचे रकाने वेगळे आहेत. रुग्णवाहिकेच्या नोंदींसाठीच्या अमेरिकेच्या नेमसिस या राष्ट्रीय मानकातही अशीच विभागणी आहे. आमच्या कागदी केसशीटवर पत्त्याला एकच ओळ होती. समृद्धी महामार्गावर शिवमडक्याच्या पुढे गाडी उलटली आणि जखमी मध्य प्रदेशातल्या सिवनीचा असला, तर त्या एका ओळीत काय लिहायचं? मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) होते तेव्हा पोलीस ठाणं ठरतं अपघाताच्या जागेवरून, आणि घरच्यांना शोधायचं तर सिवनीचा पत्ता लागतो. डेंगीत याच्या उलट. माणूस बुटीबोरीच्या कारखान्यात चक्कर येऊन पडला तरी कूलर आणि टाक्या तपासायच्या असतात त्याच्या घराच्या आसपास.

घटनास्थळाला जीपीएस आपोआप येतं, हे हायवेवर फार कामाचं आहे. पण किलोमीटर क्रमांकाला वेगळी जागा हवी होती. खुणेचा रकानाही फारच छोटा आहे. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'अमुक ले-आउट, हनुमान मंदिराच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर', आणि तो टाकीपर्यंत पोचायच्या आधीच तुटतो. टपाल खात्याचा दहा अक्षरांचा डिजिपिन २०२५ मध्ये आला. तो साधारण चार मीटरचा चौकोन दाखवतो. त्यासाठी रकाना द्यावा, अशी मागणी मी लावून धरली आहे.

आता माझी मुख्य तक्रार. पिनकोड टाकला की जिल्हा आपोआप भरतो, आणि ४४१ ने सुरू होणारा प्रत्येक पिनकोड हे सॉफ्टवेअर नागपूर जिल्ह्यात टाकतं. गोंदिया ४४१६०१ आहे, भंडारा ४४१९०४. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्या भागातून किती रुग्ण येतात, हे इथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. गावांच्या यादीतही तीच अडचण: एकाच नावाची दोन गावं आली की शेजारी तालुका दिसत नाही.

सुरुवातीला राहता पत्ता भरल्याशिवाय रिपोर्ट बंदच होत नसे. रुग्ण बेशुद्ध, सोबत कुणी नाही, दारात दुसरा कॉल थांबलेला. मग लोक 'सीताबर्डी, ४४००१२' टाकून मोकळे व्हायचे. असा खोटा पत्ता कोऱ्या रकान्यापेक्षा घातक, कारण पुढे तो खरा समजून कुणीतरी तिथे शोधत जातं. आम्ही लेखी कळवल्यावर 'सांगण्याच्या स्थितीत नाही', 'बेघर' आणि 'स्थलांतरित मजूर' असे पर्याय आले, आणि रुग्णाला रुग्णालयात उतरवल्यावर पत्ता दुरुस्त करायची सोयही. आता वीटभट्टीवरच्या मजुराच्या रिपोर्टमध्ये भट्टी आणि मूळ गाव दोन्ही राहतात. या एका बदलासाठी मी हे सॉफ्टवेअर इतर सेवांनाही सुचवलं आहे.

घ्यायचं ठरवत असाल तर डेमोच्या वेळी ४४१६०१ टाकून बघा, आणि जिल्हा गोंदिया आल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.