पितळी प्रायमस आणि जुना गंज : आठ महिने वापरल्यावर

प्रायमस हे खरं तर स्वीडनच्या एका कंपनीचं नाव, पण गावाकडे पंपाच्या कोणत्याही पितळी स्टोव्हला प्रायमस म्हणतात. त्यामुळे जुना स्टोव्ह घेताना पहिली गल्लत नावापासूनच होते. पोळ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत शेतात, मुख्यतः हरभऱ्याच्या जागलीवर, तीन पायांचा एक स्टोव्ह, एक पितळी गंज (उभट भांडं) आणि एक ॲल्युमिनियमचा लष्करी डबा वापरात होता. रोज दोनदा चहा आणि आठवड्यातून तीन-चारदा वरण-भात. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. टाकीवरचा शिक्का हा फक्त टाकीचा दाखला आहे, अख्ख्या स्टोव्हचा नाही.

जुन्या बाजारात ‘अस्सल स्वीडन’ म्हणून विकतात तो शिक्का बहुतेक वेळा खराच असतो. पण इतक्या वर्षांत बर्नर दोनदा बदललेला, पंपाची दांडी दुसऱ्या स्टोव्हची आणि वरची कडी गावच्या लोहाराने केलेली असते. म्हणून प्रत्येक भाग वेगळा वाचावा.

टाकीपासून सुरुवात करा. घासून घासून अक्षरं पुसट झालेली असतात, म्हणून रात्री टॉर्च अगदी आडवी, पितळेला टेकवून धरा. सावलीत खोलगट अक्षरं उठून दिसतात. तरी वाचता आलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकी फिरवा. पितळ चमकवायचं ब्रासो मात्र शिक्क्यावर लावू नका, उरलंसुरलंही जाईल. प्रायमस स्टोव्ह स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये आणला आणि बी. ए. योर्थ कंपनीने जगभर विकला, म्हणून खऱ्या प्रायमसवर योर्थचं नाव सापडतं. बुडाशी एकटं इंग्रजी अक्षर असेल तर ते वर्षाचं. १९११ च्या ‘ए’पासून ही अक्षरं सुरू होतात. हा हिशेब फक्त प्रायमसचा आहे, दुसऱ्या कंपनीच्या टाकीला लावू नका. ऑप्टिमस, रेडियस आणि स्वेआ हेही स्वीडनचेच, तेव्हा ‘मेड इन स्वीडन’ एवढ्यावरून कारखाना ठरत नाही. त्यात १९६२ मध्ये प्रायमसचे रॉकेल स्टोव्ह ऑप्टिमसकडे गेले. मॉनिटर आणि व्हॅलोर इंग्लंडचे. आयएसआय मार्क आणि त्याच्या डोक्यावर १३४२ हा आकडा असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा भारतीय पंप-स्टोव्ह. २९८० असेल तर वातीच्या स्टोव्हचा भाग.

बर्नरला चुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर वर पितळी मुलामा आणि आत लोखंड, म्हणजे बर्नर नंतर टाकलेला. आमच्या स्टोव्हची टाकी स्वीडनची आणि बर्नर देशी निघाला, आणि आठ महिन्यांतल्या निम्म्या तक्रारी त्या बर्नरच्याच होत्या. निपल म्हणजे बर्नरमधलं रॉकेलची वाफ सोडणारं तोंड. त्याचं भोक ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावं लागतं. पिन रोज रेटून घातली की भोक मोठं होतं आणि निळ्या ज्योतीला पिवळी शेंडी येते. अशा वेळी लोक बर्नर धुतात, पण खराब असतं निपल. नवं निपल आधी हातानं दोन-तीन आटे सहज गेलं पाहिजे. पहिल्याच आट्याला पाना लावावा लागला तर आटे जुळत नाहीत, तिथेच थांबा. बर्नर आणि नळीच्या मध्ये शिशाचं वायसर असतं. बर्नर काढला की तेही नवं टाका.

पेटवण्याची पद्धत ठरलेली आहे. टाकी पाऊण भरा, त्याहून जास्त नाही, कारण वर हवेला जागा लागते. हवेची चावी सैल ठेवा. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट भरून पेटवा आणि ते संपत आलं की चावी आवळून चार-पाच पंप मारा. एवढ्यात आवाज धरला पाहिजे. पिवळा भडका उडाला तर बर्नर तापलेला नाही. चावी सोडा आणि पुन्हा स्पिरिटपासून सुरू करा. घाईत आणखी हवा मारणं ही सगळ्यात धोक्याची सवय. वैशाखात उन्हात ठेवलेल्या स्टोव्हचं स्पिरिट ओतता ओतताच उडतं, तेव्हा वाटी दीडदा भरावी लागते. एक लिटर पाणी साधारण पाच मिनिटांत उकळतं आणि पूर्ण आचेवर तासाला पाव लिटरच्या आसपास रॉकेल जातं. रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल मिसळू नका, बर्नरच्या नळ्यांत काजळी धरते. पेट्रोल तर कधीच नको.

पंपाचं कातडी वायसर वाळलं की दांडी हलते, पण दाब येत नाही. इथे घरात जवसाचं तेल असतं आणि हात आपसूक त्याकडे जातो. जवसाचं तेल हवेत वाळून चिकट होतं, पंधरा दिवसांत कातडं कडक पडतं. एरंडीचं तेल घ्या आणि वायसर रात्रभर त्यात ठेवा. दांडी आपोआप वर येत असेल तर दोष वायसरचा नाही, पंपाच्या तळाच्या झडपेचा आहे. तिच्यातलं कॉर्क किंवा रबर झिजलेलं असतं. ती काढायला लांब पाना लागतो. पक्कडीनं काढायला गेलात तर टोक गोल होतं.

आणल्या आणल्या पहिलं काम : टाकी रिकामी करा, पंधरा पंप मारून बादलीत बुडवा. जोडाशी बुडबुडे आले तर स्टोव्ह शोभेला ठेवा.

भांड्यांची ओळख वेगळी. भंडाऱ्याचं पितळ प्रसिद्ध, म्हणून विकणारे प्रत्येक गंज भंडाऱ्याचा सांगतात. आतून बोट फिरवा. हातोड्याचे उथळ खड्डे लागले तर ठोक्याचा, बारीक गोल रेघा लागल्या तर यंत्रावरचा. काठाखाली टिंबांनी ठोकलेलं नाव आणि साल हे मालकाचं आणि बहुधा लग्नाचं, कारागिराचं नव्हे. ॲल्युमिनियमच्या डब्यावर रुंद बाण आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर तो भारतातला लष्करी माल. नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ पासूनची, त्यामुळे इकडच्या आठवडी बाजारात असे डबे अजून दिसतात.

गंजाला कल्हई ताजी हवी, नाहीतर ताक आणि चिंचेचं वरण त्यात ठेवू नका. पण पंपाच्या स्टोव्हवर एक अडचण वेगळी येते. ज्योत मधोमध एकवटते आणि कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. कोरड्या गंजात फोडणी टाकली की तळाच्या मध्यावरची कल्हई गोळा होऊन रुपयाएवढा पिवळा डाग उघडा पडतो. आमच्या गंजाला तो तिसऱ्याच महिन्यात पडला. तेव्हापासून फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओततो आणि गंजात आधी पाणी असल्याशिवाय तो आचेवर चढवत नाही.